यादीतली तिसरी ओळ

आमच्या पेठेचा फुटबॉल संघ हरला की गोल कसा झाला, हे कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न ठरलेला असतो, “ह्याला घेतला कुणी?” हा प्रश्न मिसळीच्या टेबलावर विचारतात, सलूनमध्ये गालाला साबण असताना विचारतात, आणि माझ्या धाकट्या मेव्हण्याच्या लग्नात तर मुठीत अक्षता धरून विचारला गेला. जिंकलो तर मात्र हा प्रश्न पडत नाही. त्या दिवशी संघ निवडणारे गल्लोगल्ली भेटतात. चहावाल्यानं सांगितलेलं असतं, फुलवाल्यानं सुचवलेलं असतं, आमच्या शेजारच्या काकूंनाही तसं आधीच वाटलेलं असतं.

मी या सगळ्यात पंचवीस-तीस वर्षं आहे, पण मी कोच नाही आणि कमिटीतही नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि तालमीचा फळा लिहितो. आमच्याकडे पेठेचा संघ तालीमच चालवते, आणि चौकात पिंपळाखाली आमच्या तालमीचा मोठा काळा फळा आहे. एरवी त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणी गेलं तर श्रद्धांजली, आणि शेजारच्या पेठेला काढलेले चिमटे असतात. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र तो फळा ओल्या फडक्यानं पुसून घेतला जातो आणि त्यावर उद्याचे अकरा खेळाडू लिहिले जातात. ते काम माझं, कारण पेठेत वळणदार अक्षर माझं एकट्याचं. हे मी सांगत नाही, लोक सांगतात.

यादीची आमच्याकडे एक रीत आहे. दुपारी कोच एका फुलस्केप कागदावर अकरा नावं लिहितो. खाली अध्यक्ष सही करतात. मग तो कागद तालमीतल्या मारुतीच्या पायाशी ठेवायचा आणि संध्याकाळची आरती झाली की मी तो उचलून फळ्यावर उतरवायचा. एकदा फळ्यावर आलं की खाडाखोड नाही. फार पूर्वी म्हणे निवडीवरून दोन घरांत डोकी फुटली होती, तेव्हाच्या वस्तादांनी ही रीत पाडली. रीत मोठी सोयीची आहे. कोचला विचारा, तो म्हणतो, “सही अध्यक्षांची हाय.” अध्यक्षांना विचारा, ते म्हणतात, “अक्षर कोचचं हाय.” दोघांना एकत्र गाठलं तर दोघंही आत बोट दाखवतात, “मारुतीजवळ होती की यादी!” मारुती बिचारा काय बोलणार.

शिवाय यादी ठेवली की कोच आपला फोन बंद करतो. अध्यक्षांचं शाहूपुरीत हार्डवेअरचं दुकान आहे, ते पोराच्या ताब्यात देऊन ते गाडी काढतात आणि पन्हाळ्यावर मुक्कामाला जातात. “हवा खायला चाललोय,” म्हणतात. त्यामुळे ज्यांची नावं नसतात त्यांच्या हाताला लागतो तो खडूनं हात पांढरे झालेला मी. मला लोकांनी काय काय ऐकवलं आहे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एकदा मीसुद्धा असाच फळ्यापुढे उभा होतो. तेविशीत होतो. अंतिम सामना होता. सगळा हंगाम मी उजव्या बगलेला खेळलो होतो, बुटांना दोनदा तेलपाणी केलं होतं, आणि आमच्या घरचे झाडून सगळे मैदानावर येणार होते. फळ्यावर माझं नाव नव्हतं. मी तसाच तालमीत शिरलो आणि वस्तादांना विचारलं, “कुणी काढलं मला?” त्यांनी लंगोट पिळता पिळता वर न बघता सांगितलं, “मारुतीला विचार.” दुसऱ्या दिवशी मी नव्वद मिनिटं बाकावर बसलो आणि तिथूनच उठून घरी आलो. पुढच्या वर्षी शाळेत नोकरी लागली, पुन्हा बूट चढवले नाहीत. त्या दिवशी मला सावरलं ते आमच्या कर्णधारानं. त्यानं मला सोड्याच्या गाडीवर नेऊन सोडा पाजला आणि माझ्या देखत वस्तादांना शिव्या हासडल्या. तो कर्णधार म्हणजेच आजचा आमचा कोच, माझा तिसरीपासूनचा दोस्त.

बायको म्हणते, “तुमची ती यादी माझ्या लग्नाआधीची, तरी मला पाठ झाली.” खरं आहे. दर हंगामाला मी ती उगाळतोच.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमचा डावा बॅक चौदा हंगाम आमच्याकडून खेळला. पस्तिशीला आलेला माणूस, दुधाचा टँकर चालवतो. पहाटे गगनबावड्याच्या बाजूला जायचं, संकलन केंद्रांवरून दूध भरून आणायचं, दुपारी दोन घास खाऊन चारला सरावाला हजर. चौदा वर्षांत त्यानं पेठ बदलली नाही, आणि आमच्याकडे ही साधी गोष्ट नव्हे. गेल्या हंगामाला अध्यक्षांनी गडहिंग्लजकडचा एक नवा खेळाडू आणला. बावीस-तेवीस वर्षांचा, काटक, पळायला लागला की मागचा माणूस थांबूनच बघत राहावा असा. तोही डावा बॅकच. मग काय, आमचा जुना गडी पहिल्या सामन्यापासून बाकावर.

उपांत्य सामना रविवारी होता, शेजारच्या पेठेशी. हरलो तर हंगाम संपला, आणि जिंकलो तर अंतिम सामन्यात नवाच खेळणार हे उघड होतं. त्या गुरुवारी टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा करून तो माझ्याकडे आला. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, “सर, मला खेळवा म्हणून सांगाय आलो न्हाय मी. नवा चांगला हाय, माझ्यापरीस चांगला हाय. पर ह्यो माझा शेवटचा हंगाम. बूट काढायचं ते मैदानातनं बाहेर येऊन काढायचं, येवढंच मनात हाय. बाकावरनं उठून घरला जायाचं न्हाय मला. कोचच्या कानावर घाला की जरा.”

बाकावरून उठून घरी जाणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको होतं. मी त्याच संध्याकाळी कोचला गाठलं. उद्यमनगरात तो लेथवर असतो, तिथंच दारात उभं राहून सगळं सांगितलं. तो हाताचं ग्रीस पुसत म्हणाला, “बघतो.” आमच्याकडे ‘बघतो’ म्हणणारा माणूस त्यानंतर बघत नसतो. मी चिडून परत आलो.

शनिवारी यादी मारुतीजवळ ठेवली गेली. आमच्या वाट्याला रविवारचा सामना क्वचित येतो, त्यामुळे शनिवारी यादी ठेवायची वेळही क्वचितच. आणि शनिवार म्हणजे मारुतीचा वार, हे मी धरून तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. दुपारपासून पेठ लोटली. सामन्यामुळे नेहमीपेक्षा जास्तच. कुणी वाटीनं तेल घातलं, कुणी बाटली उपडी केली, कुणी शेंदूर लावला, कुणी रुईची माळ घालताना खालचा कागद शेंदराच्याच बोटांनी बाजूला सरकवला. आरती झाल्यावर मी यादी उचलली तर तिच्यातून तेल ठिबकत होतं. कशीबशी दहा नावं लागत होती. तिसऱ्या ओळीवर शेंदराचा हा एवढा पट्टा बसला होता.

तिसरी ओळ डाव्या बॅकची.

कोचचा फोन बंद. अध्यक्ष पन्हाळ्यावर, त्यांचाही बंद. बाहेर चौकात शंभर माणसं फळ्याकडे तोंड करून उभी, मोबाइल काढून. फळ्याचा फोटो ग्रुपवर गेल्याशिवाय पेठेत जेवणं होत नाहीत.

खरं सांगायचं तर मला नाव कळलं होतं. तेलानं कागद आरपार झाला होता आणि कोच बॉलपेन दाबून लिहितो. मी यादी उलटी करून समईच्या उजेडात धरली. चित्रकलेच्या मास्तराला उलटी अक्षरं वाचायला अवघड नसतं. नाव नव्याचं होतं. मी कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात घातली, त्या डागासाठी पुढे बायकोची बोलणी खाल्ली ते वेगळंच. मग बाहेर येऊन पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली, आणि तिसऱ्या ओळीत आमच्या टँकरवाल्याचं नाव लिहिलं.  इतकं सुरेख अक्षर मी कधी काढलं नसेन.

गर्दीत थोडी कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, “नव्याला दुखापत झाली वाटतं.” दुसरा म्हणाला, “न्हाय रे, कोचचा डाव हाय ह्यो.” फोटो निघाले. पेठ जेवायला गेली.

रविवारी सकाळी नवा खेळाडू मला शोधत चौकात आला. तो तालमीच्या माडीवरच राहायचा, गावात त्याचं दुसरं कुणी नव्हतं. फळ्याकडे बघत म्हणाला, “सर, माझं नाव न्हाई. माझं काय चुकलं? कुणी काढलं मला?”

आणि मी म्हणालो, “मारुतीला विचार.”

शब्द तोंडातून गेले आणि मला त्या वस्तादांचा पिळलेला लंगोट दिसला.  नवा खाली मान घालून माडीवर गेला. त्याला परत हाक मारायची माझी छाती झाली नाही, ती लाज अजून आहे.

सामन्याला मी गॅलरीत बसलो होतो, खिशात ती तेलकट यादी. अध्यक्ष पन्हाळ्याहून थेट मैदानावर आले. संघ बाहेर आला तसे ते ताडकन उठले, खाली कोचजवळ गेले आणि हातवारे करत काहीतरी विचारू लागले. कोच शांतपणे काहीतरी बोलला आणि अध्यक्ष तोंड मिटून जागेवर येऊन बसले. मला वाटलं, आता दोघं मिळून मला शोधणार. कुणी आलं नाही.

पहिल्या पंधरा मिनिटांतच आमचा डावा बॅक उघडा पडला. त्यांचा बगलेचा पोरगा त्याला वळसा घालून गेला, चेंडू आत आला, गोल. माझ्या मागे एकजण उभा राहून ओरडला, “आरं, ह्याला घेतला कुणी?” मग त्यानं कोचच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. मी शेंगा सोलत बसलो. सोललेल्या शेंगा खाव्यात हेही सुचत नव्हतं.

उत्तरार्धात मात्र गडी जागा झाला. पळण्यात तो कमीच पडत होता, पण चौदा वर्षं त्यानं ती डावी बाजू सांभाळली होती, चेंडू कुठे येणार हे त्याला आधी कळायचं. एक चेंडू त्यानं गोलरेषेवरून डोक्यानं बाहेर काढला. शेवटी शेवटी त्यानंच लांबून टाकलेल्या चेंडूवर आमची बरोबरी झाली. मघाचा मागचा माणूस माझ्या गळ्यात पडून म्हणाला, “मी म्हणत नव्हतो? जुना तो जुना!” टायब्रेकरमध्ये आम्ही हरलो. कर्णधाराचा फटका दांडीला लागला, त्याला कोण काय करणार.

सगळे मान खाली घालून आत गेले. तो मात्र रेषेबाहेर आला, गवतावर बसला आणि सावकाश बुटांच्या नाड्या सोडल्या. दोन्ही बूट एकमेकांना बांधून गळ्यात अडकवले, मैदानाला हात लावून कपाळाला लावला आणि अनवाणी फाटकाकडे चालू लागला. मी रडलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, हातात शेंगांची पुडी, आणि ढसाढसा रडलो.

संध्याकाळी चौकात सभाच भरली. पहिल्या गोलाचा हिशोब मागायला सगळे जमले होते. “घेतला कुणी ते सांगा!” अध्यक्षांनी सवयीनं आत मारुतीकडे बोट नेलं, पण त्याआधी कोच तालमीच्या पायरीवर चढला. म्हणाला, “मी घेतला. चुकलं असंल तर माझं चुकलं. काय बोलायचं ते मला बोला.”

आमच्या चौकात हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. दोन-चार जण बोलले, पण जोर नव्हता. समोरचा माणूस कबूल झाला की भांडायला मजा येत नाही. मी पिंपळाआड उभा होतो. पुढे होऊन ‘थांबा, मी लिहिलं’ म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो.

दोन दिवसांनी टँकर माझ्या शेजारी कर्रकन थांबला. वरून आमचा डावा बॅक ओरडला, “सर, कोचनं शब्द राखला बघा! आज पेढं घिऊन चाललोय त्यांच्याकडं!” मी म्हणालो, “व्हय, भला माणूस हाय.” टँकर गेल्यावर मला सरळ सरळ राग आला. पेढे माझे होते. आयुष्यात एकदा संघ निवडला तर त्याचं श्रेयही लेथवाल्यानं न्यावं?

त्याच संध्याकाळी लेथवाला माझ्या दारात उभा. हातात पेढ्यांचा बॉक्स.

“अर्धं तुझं,” म्हणाला.

“माझं कशाचं?”

“मास्तर, माझा फोन बंद असतोय. डोळं बंद नसत्यात. शनिवारी आठाला मी चौकातनंच घरी गेलो.”

मी गार पडलो. म्हणजे त्यानं फळा वाचला होता. “मग पुसला का न्हाईस?”

तो बसला, पेढ्याचा कागद उलगडत राहिला. “नव्याचं नाव मी लिवलं, कारण जुन्याच्या नावाखाली अध्यक्ष सही करंनात. त्या गड्याचं नाव लिवायची हिंमत मला झाली न्हाय. तू लिवलंस. मग मी पुसलं न्हाय, येवढंच माझं.” मग हसायला लागला. “मैदानावर अध्यक्ष आलं विचारत, हे कसं काय. मी म्हटलं, मारुतीजवळ होती की यादी!”

आम्ही दोघंही इतके हसलो की बायको आतून बघायला आली. हसता हसता, का कोण जाणे, मी त्याला तो जुना प्रश्न विचारला. इतकी वर्षं मी तो सगळ्यांना सांगितला होता, पण त्याला कधी विचारला नव्हता. त्याला काय विचारायचं, त्यानं तर मला सोडा पाजला होता. मी म्हणालो, “लेका, मला त्या वेळी कुणी काढलं रं?”

तो हसायचा थांबला. पेढा खाली ठेवला.

“मी,” तो म्हणाला.

त्यानं पेढ्यांचा बॉक्स माझ्याकडे सरकवला. तो म्हणाला, “वस्तादांनी विचारलं, कसं करूया. मी म्हटलं, ह्याला काढा. तू चेंडू घेतलास की मान वर करत नव्हतास. कोण कुठं हाय बघत न्हवतास. फायनलला परवडलं नसतं.”

“आणि वस्तादांना शिव्या घातल्यास त्या?”

“तू रडत होतास, मर्दा. मग काय करू?”

मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग मी त्या हंगामातले माझे सामने आठवायला लागलो आणि एकेक चेंडू डोळ्यांपुढे आला. खरंच, मान वर करत नव्हतो. इतकी वर्षं मी डोक्यात वस्ताद, कमिटी, वशिला, जात, काय काय धरून बसलो होतो, आणि एका शब्दात सगळं संपलं. बायको दारातूनच म्हणाली, “झालं एकदाचं. आता तरी ती यादी बंद.” मी एक पेढा खाल्ला, मग आणखी एक. त्यालाही जबरदस्तीनं भरवला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरावाच्या मैदानावर गेलो. हंगाम संपला होता, नवा एकटाच भिंतीवर चेंडू मारत होता. मी जवळ गेलो, खिशातून ती तेलकट यादी काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, “ह्यात तुझंच नाव होतं. उलटं धरून बघ. मला दिसलं होतं, तरी मी दुसऱ्याचं लिहिलं. तुझं काही चुकलं नव्हतं. तुला मी काढलं.”

त्यानं कागद उन्हात धरला. बराच वेळ धरला. मला वाटलं, आता हा चार लोकांना गोळा करणार, आणि केलं असतं तर ते बरोबरच होतं. त्यानं कागदाची घडी करून मला परत दिली. त्याचे डोळे भरले होते.

“मी तीन दिवस झालं मारुतीला विचारतोय, सर,” तो म्हणाला.

मग चेंडू उचलून काखेत धरला आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, “फुडच्या वक्ताला नीट लिवा.”